जखमींच्या यादीत नाव नव्हतं

लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत वीस वर्षं मेस चालवली, पण शिवकन्येला बसून जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. पोरं पंगतीला बसली की ही वाढायला उभी, पोरं उठली की ही आवरायला उभी. मधल्या वेळात जो काही घास पोटात जायचा तो शेगडीपाशी उभ्या उभ्या. अर्धी भाकरी, वर दोन घोट पाणी. अख्खी भाकरी खाल्ली की तिला धाप लागायची. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून झोपसुद्धा भिंतीला टेकून, पाठीशी दोन उशा रचून. पहाटे चारच्या आधीच ती उठायची आणि अंगणात फेऱ्या मारत राहायची. पायाला भिंगरी लागलेली माणसं निदान कुठं तरी जाऊन येतात. शिवकन्या दहा पावलांच्या अंगणात फिरायची.

यामागचं कारण सगळ्यांना पाठ होतं. भूकंपाची भीती. त्र्याण्णवनंतर आमच्या भागात हे एक बरं झालं होतं. कुणाला घाम सुटला, भूकंप. कुणाची झोप उडाली, भूकंप. कुणाच्या सुनेला फेफरं आलं तरी भूकंपच. खोटं होतं असंही नाही. धडधाकट गडी पाच-पाच वर्षं छपराखाली निजायला धजत नव्हते. पण दुखण्याला एकदा नाव मिळालं की मग त्याच्याकडं वळून कोण बघतो? नाव ठेवलं, काम झालं.

शिवकन्येच्या दुखण्यात आणखी एक गोष्ट होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिच्या छातीत, डाव्या अंगाला, आवाज व्हायचा. घागरीतून पाणी ओतावं तशी गुडगुड. जेवल्यावर जास्त, पहाटे उपाशीपोटी कमी. भूकंपाच्या आधी वर्षभर त्यांच्या गावाखालच्या जमिनीतून अधूनमधून अशीच गुडगुड ऐकू यायची आणि म्हातारी माणसं भुईला कान लावून बसायची. तोच आवाज आता आपल्या छातीत शिरला, असं तिला वाटायचं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना शहरातून आलेल्या एका समुपदेशक बाईंना तिनं एकदा धीर करून हे सांगितलं होतं. बाई मायाळू होत्या. तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "तो आवाज तुमच्या मनात आहे. हळूहळू जाईल." तो गेला नाही. मग शिवकन्येनं तो गिळला. आपण भित्र्या आहोत हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेड्याही आहोत, हे आणखी कशाला सांगा?

भित्री हा शब्द तिला गावानं दिला नव्हता, आईनं दिला होता.

गाव तेरणेच्या काठचं. दगडमातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचं सपाट माळवद. वडील आधीच वारलेले. घरात आई गुरम्मा, जिला लेकरं अव्वा म्हणायची, सतरा वर्षांची शिवकन्या आणि नऊ वर्षांचा अमरनाथ. त्या रात्री गाव गणपती बोळवून दमून झोपलं होतं. गुरम्मा अंगणात बाजेवर, शिवकन्या ओसरीवर, अमरनाथ आतल्या खोलीत. पहाटे जमीन हलली तेव्हा अंगणाची भिंत गुरम्माच्या मांडीवर आली, ओसरीची भिंत शिवकन्येच्या छातीवर आली आणि आतली खोली अमरनाथवर बसली.

शिवकन्या आपली आपण बाहेर आली. कशी आली ते तिला आठवत नाही. माती थुंकत ती उभी राहिली तेव्हा ढिगाऱ्यातून हाक ऐकू आली, "अक्का." दगडाखाली पाय अडकलेली आई दहा पावलांवरून ओरडत होती, "दगड काढ, शिवकन्या, दगड काढ." शिवकन्येनं एक दगड बाजूला केला. दुसरा केला. तिसऱ्याला हात घातला आणि ती मटकन खाली बसली. छातीला दोन्ही हात धरून बसली ती बसलीच. उजाडायच्या आत हाका थांबल्या. माणसं पोचली ती दिवस वर आल्यावर.

जखमींच्या यादीत गुरम्माचं नाव लागलं. मांडीचं हाड मोडलं होतं, ते जुळलं पण वाकडं. यादी लिहिणाऱ्यानं शिवकन्येला वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोकं शाबूत, हातपाय शाबूत, रक्ताचा थेंब नाही. "तुला काय झालं?" "काही न्हाई," ती म्हणाली. ज्यांचे हातपाय तुटले त्यांच्या रांगेत उभं राहून मला श्वास पुरत नाही म्हणायची तिला लाज वाटली. तिचं नाव लागलं नाही. पुढं कुणीही, कधीही विचारलं, तरी तिचं उत्तर ठरलेलं असायचं, मला काही लागलं नव्हतं. आणि गुरम्मा त्यात भर घालायची, "खरचटलं बी न्हाई."

गुरम्मा रोज भांडायची, असं नाही. रोज भांडणारी माणसं परवडतात. ती महिना-महिना गप्प राहायची आणि मग पोळपाटावर हात थांबवून बोलायची, "लेकराच्या अंगावर मणामणाचे दगड हुते. भैनीला दोन जड झाले." एवढंच. शिवकन्या उत्तर देत नसे, कारण तिलाही तेच वाटत होतं. उदगीरकडून एक स्थळ आलं होतं, चांगलं लिंगायत वाण्याचं घर. मुलगी रात्रभर अंगणात फिरते हे कळल्यावर त्यांनी निरोप धाडला नाही. शिवकन्येला वाईट वाटलं नाही. भावाला टाकून बसलेलीनं संसार कशाला मागावा, असा तिचा हिशेब होता.

शेडमधून मायलेकी लातूरला आल्या आणि पोट भरायला डबे करू लागल्या. वेळ चांगली होती. लातूरची पोरं बोर्डात वर यायला लागली होती आणि साऱ्या मराठवाड्यातून आईबाप लेकरांना ट्रंकेसकट आणून सोडत होते. दर गल्लीत शिकवणी, दर शिकवणीवर मुलामुलींचे फोटो, दर फोटोखाली टक्के. त्या टक्क्यांना जेवायला कोण घालत होतं हे फलकावर कुणी लिहीत नाही, पण ते शिवकन्येसारख्या बायका घालत होत्या. डब्यांची मेस झाली. भाकरी करायला पंचफुला आली. ती तोंडानं फटकळ आणि हातानं सोन्यासारखी.

त्या पोरांत देगलूरची हुमा होती. तिचे अब्बा शिंपी. अकरावी-बारावी दोन वर्षं ती शिवकन्येकडं जेवली. अभ्यासानं पोरांच्या नाकी नऊ आले की त्यांची पोटं बिघडतात, हे शिवकन्येला शिकवणीवाल्यांपेक्षा जास्त कळायचं. हुमाला ती कढी-भात वेगळा काढून ठेवायची. "मावशी, तुम्ही कधी जेवता?" हुमानं एकदा विचारलं होतं. "जेवती की," शिवकन्या म्हणाली आणि वाढायला पुढं सरकली. पोरगी डॉक्टर झाली, पुढं सर्जन झाली, असं कानावर आलं. असं दर वर्षी चार-दोघांबद्दल कानावर यायचं. शिवकन्या ऐकायची आणि फिरत राहायची.

मग सोळा साल आलं. लातूरच्या नळांना पाणी येईना, रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. वसतिगृहं रिकामी झाली. पोरांविना मेस म्हणजे नवरदेवाविना मांडव. नांदेडला गोदावरी होती, विष्णुपुरीचं धरण होतं आणि शिकवण्याही आता लातूरला टक्कर द्यायला उभ्या होत्या. शिवकन्येनं पातेली टेम्पोत घातली, अव्वाला आणि पंचफुलाला पुढं बसवलं आणि नांदेडला खोली घेतली.

जुलै अखेरीला, प्रवेश परीक्षेच्या गडबडीत, एका दुपारी तिनं वरणाचं भरलं पातेलं एकटीनं उचललं. दुसरं कुणी येईपर्यंत थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. पातेलं खाली ठेवलं आणि पोटाच्या वरच्या अंगाला कळ आली, अशी की डोळ्यांपुढं काजवे चमकले. कळ डाव्या खांद्यात गेली. उलटी येतेय असं वाटायचं, पण येईना. नुसते कोरडे उमाळे. पंचफुलानं ओव्याचं पाणी दिलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं. गुरम्मा म्हणाली, "भ्याली असंल कशाला तरी."

सकाळपर्यंत तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. पंचफुलानं रिक्षा आणली आणि दोघींना घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथं शिवकन्येला खाटेवर झोपवायला गेले तर ती उठून उभी राहिली. पुन्हा झोपवलं, पुन्हा उठली. "बाई, आडवं व्हा," नर्स म्हणाली. "आडवं झालं की जीव जातो," शिवकन्या म्हणाली आणि खाटेचा दांडा धरून दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं करत राहिली. छातीचा फोटो निघाला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरानं तो उजेडात धरला. डाव्या बाजूला खाली पांढरं, वर काळं, मधे आडवी रेघ. त्यानं दोनदा पाहिलं. पोरगा आळशी नव्हता, पुस्तक त्याला पाठ होतं. छातीत पाणी आणि हवा साठली आहे, फुप्फुस दबलं आहे, बरगड्यांमधून नळी घालून ते काढून टाकलं की श्वास मोकळा होईल, असं त्यानं गुरम्माला नीट समजावून सांगितलं. आधी त्यानं विचारलंही होतं, "कधी पडलात? अपघात? मार?"

"न्हाई," शिवकन्या म्हणाली.

"तिला कधी काय बी लागलं न्हाई," गुरम्मा म्हणाली. "खरचटलं बी न्हाई."

सुया-कात्र्यांचा ट्रे आला. पाठोपाठ नळीच्या कागदावर सही करायला मोठ्या डॉक्टर आल्या. तिशी ओलांडलेली बाई, डोक्याला हिरवी टोपी. त्यांनी फोटो पाहण्याआधी पेशंटकडं पाहिलं. दांडा धरून फेऱ्या मारणारी बाई. त्या थांबल्या.

"मावशी?"

शिवकन्येनं डोळे बारीक केले. टोपीखालचा चेहरा तिला ओळखू आला नाही, आवाज ओळखू आला. "देगलूरची तू."

"हाव. हुमा." मग डॉक्टर हुमानं फोटो घेतला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पोट दुखायला शंभर कारणं असतात. त्यातली नव्वद सगळ्यांना येतात आणि उरलेल्या दहांत माणसं दगावतात, असं तिच्या सरांनी तिला शिकवलं होतं. त्या दहांतली काही तिनं आपल्या हातानं पाहिली होती. शिकवणीच्या ताणानं स्वतःचे केस खाणाऱ्या एका मुलीच्या पोटातून तिनं जठराच्या आकाराचा केसांचा गोळा काढला होता. देगलूरकडच्या एका माणसाच्या आतड्यातून माशाचा काटा काढला होता, जो गिळल्याचं त्याला आठवतही नव्हतं. प्रत्येक वेळी कारण पेशंटच्या आयुष्यात कुठं तरी पडलेलं असायचं आणि पेशंटच ते क्षुल्लक म्हणून सांगत नसे. आता या फोटोतली रेघ तिला पाण्याची वाटेना. तिच्या वर एक गोल कड दिसत होती. तिनं स्टेथोस्कोप लावला. छातीवर, डाव्या बाजूला, जिथं श्वासाचा आवाज यायला हवा.

ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, इथं गुडगुड होते का तुम्हाला?"

शिवकन्येनं आईकडं पाहिलं. तेवीस वर्षं लपवलेली गोष्ट. बाजूला आई उभी, समोर परका डॉक्टर, ट्रे घेतलेली नर्स. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं की नळी घालतील, जे व्हायचं ते होईल, आणि निदान अव्वासमोर आणखी एकदा शोभा होणार नाही. हो म्हटलं की पुन्हा तेच, भीती, मन, हळूहळू जाईल. तिला भयंकर राग आला. कुणाचा ते तिला कळेना. कदाचित स्वतःचाच, एवढ्या वेदनेतही आपल्याला लाज वाटते याचा.

"होती," ती म्हणाली. "मनातली हाय ती. बाईंनी सांगितलं हुतं."

"मनातली मला कशी ऐकू येईल मावशी? कधीपासून?"

"भूकंपापासून."

तरुण डॉक्टरानं मान वर केली. गुरम्मानं तोंड वाकडं केलं, "झालं. आला भूकंप."

हुमानं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. "भूकंपात काय झालं होतं? सगळं सांगा."

"मला काय बी लागलं न्हाई. भिंत पडली हुती छातीवर. पर लागलं न्हाई. यादीत माझं नाव न्हाई."

"भिंत पडली होती," हुमा म्हणाली. मग ट्रेकडं हात करून तिनं सांगितलं, "हे घेऊन जा. नळी नको." आणि तरुण डॉक्टरला बाजूला नेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ती म्हणाली की छातीत दिसतंय ते पाणी नाही, जठर आहे. पोट आणि छाती यांच्यामधला पडदा फाटला आहे आणि पोटातलं सामान वर चढलं आहे. नळी घातली असती तर ती जठरातच घुसली असती. तो पोरगा पांढरा पडला. त्याला रागावायची गरज उरली नव्हती.

नाकातून एक बारीक नळी जठरात सोडली आणि पुन्हा फोटो काढला. नळी खाली पोटात जायच्या ऐवजी छातीत वेटोळं घालून बसलेली दिसली. त्यानंतर सीटी झाला आणि मग शंका राहिली नाही. पातेलं उचलताना जोर पडला, जठर आणखी वर सरकलं आणि फटीत पिळून अडकलं. रक्त पोचेनासं झालं होतं. काही तासांचा प्रश्न होता.

सही गुरम्मानं केली. अंगठा नाही, सही, तिला लिहिता यायचं. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात नर्स म्हणाली की अंगावरचं सगळं काढून द्या. शिवकन्येनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. ते जन्मापासून अंगावेगळं झालेलं नव्हतं, भिंतीखालीही नाही. हुमा म्हणाली, "राहू दे ते. कापडात गुंडाळून मनगटाला बांधा. मी गळ्याशी काम करणार नाही, पोटाशी करणार आहे." ती रमजानचे रोजे पाळणारी बाई होती. असल्या गोष्टी तिला समजावून सांगाव्या लागत नव्हत्या.

पुढचं शिवकन्येला हुमानंच नंतर सांगितलं. पोट उघडलं तेव्हा पोटात जागाच जागा होती. जठर, मोठ्या आतड्याचा एक वळसा आणि चरबीचा पदर, सगळं डाव्या पडद्यातल्या चार बोटं रुंद भोकातून वर गेलेलं. आधी फटीची कड थोडी कापून रुंद केली, मग एकेक वस्तू हलक्या हातानं खाली ओढली. घाईनं ओढलं की फाटतं. चरबीचा पदर काळा पडला होता, तो कापून टाकला. जठर जांभळं झालं होतं. त्यावर कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या घड्या ठेवल्या आणि सगळे हात बांधून उभे राहिले. "मी दहा मिनिटं मोजली मावशी. बारावीच्या निकालालासुद्धा एवढी थांबले नव्हते." रंग परतला. हळूहळू, कडेकडेनं, गुलाबी झाला. परतला नसता तर जठराचा तुकडा काढावा लागला असता, आणि ती निभावली असती की नाही हे हुमानं सांगितलं नाही. मग पडदा जाड, न विरघळणाऱ्या धाग्यानं शिवला. शेवटी छातीत नळी घातलीच, पण आता ती योग्य जागी होती.

शिवकन्या शुद्धीवर आली तेव्हा उताणी झोपलेली होती. हे तिला बऱ्याच वेळानं लक्षात आलं. उशी एकच होती. श्वास येत होता, जात होता. ती कान देऊन राहिली. छातीत काही वाजत नव्हतं. लोक म्हणतील, आता तरी बाईला शांत वाटलं असेल. छे. ती पहिल्या दोन दिवसांत डोळाभर झोपली नाही. शेजारी राहणारं माणूस न सांगता गाव सोडून जावं तसं तिला होत होतं. पुन्हा पुन्हा ती छातीवर हात ठेवून बघायची. पंचफुला म्हणाली, "काय हरवलंय का?"

चौथ्या दिवशी हुमा फोटो घेऊन आली आणि खाटेच्या कडेला बसली. तिनं बोटानं तीन जागा दाखवल्या. बरगड्यांवर तीन गाठी. "या मोडून आपोआप जुळल्यात. जुन्या आहेत. पडदाही तेव्हाच फाटला असणार, मावशी. एवढी भिंत छातीवर पडल्यावर. सुरुवातीला बारीक असेल, मग वर्षांनुवर्षं रुंद होत गेला. तुमची अर्धी भाकरी, तुमच्या फेऱ्या, तुमची झोप, सगळं त्याच्यामुळं. भीती नव्हती ती."

शिवकन्या फोटोकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं कुणालाही कधी विचारला नव्हता, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असं ती समजत होती.

"तीन बरगड्या मोडलेल्या, पडदा फाटलेला. असल्या माणसाला दगड उचलता येतेत का?"

हुमाला शिवकन्येच्या भावाचं माहीत नव्हतं. लातूरच्या दोन वर्षांत तिनं तो उल्लेख ऐकला नव्हता. शिवकन्येनं सांगितलं. दहा वाक्यांत, न रडता. हाका, दोन दगड, तिसरा.

"दोन उचललेत हेच मला पटत नाही," हुमा म्हणाली. "तुम्ही बसला नाहीत. तुमचा श्वास बंद झाला आणि तुम्ही पडलात. माझ्यासारख्या दहा डॉक्टरांना विचारा, दहाही हेच सांगतील."

शिवकन्येला आनंद झाला नाही. आधी संताप आला, असा की टाके ओढले गेले. तेवीस वर्षं. कुणीतरी एकदा छातीला कान लावला असता. ती स्वतः एकदा बोलली असती. मग संतापाच्या मागून रडू आलं आणि ते तिनं येऊ दिलं. हुमा हात धरून बसून राहिली. बाहेर राउंडला उशीर होत होता तरी उठली नाही.

"ह्ये अव्वाला सांग," शेवटी शिवकन्या म्हणाली. "म्या सांगितलं तर बहाणा वाटंल."

गुरम्मा बाहेर बाकड्यावर वाकडा पाय लांब करून बसली होती. हुमानं तिच्या शेजारी बसून फोटो उजेडाकडं धरला आणि सगळं पुन्हा सांगितलं, गाठींवर बोट ठेवून. उघड्या दारातून शिवकन्येला दोघींच्या पाठी दिसत होत्या. गुरम्मानं एकच प्रश्न विचारला. "मंग ती बसली ते भिऊन न्हाई?"

"नाही आजी."

हुमा निघून गेली, पंचफुला चहा घेऊन आली, तो निवला, तिनं तो परत नेला. शिवकन्या वाट बघत होती. काय ऐकायचं आहे ते तिला ठरवता येत नव्हतं. अव्वानं माफी मागावी असं तिला वाटलं, आणि लगेच, तिनं ती मागू नये असंही वाटलं. सत्तरीच्या बाईनं हात जोडले तर ते बघवणार नव्हतं.

ऊन खिडकीतून सरकलं तेव्हा गुरम्मा उठली आणि भिंत धरत आत आली. खाटेपाशी उभी राहिली. माफी तिनं मागितली नाही. लेकीच्या चेहऱ्याकडंही तिनं पाहिलं नाही. चादरीची कड दोन बोटांत धरून ती घडी घालत आणि मोडत राहिली.

"त्याला आत म्याच निजवलं हुतं," ती म्हणाली. "त्यो म्हणला, अव्वा, तुझ्याजवळ निजतो बाजेवर. म्या म्हणलं, डास चावतेत, आत जा."

शिवकन्येनं आईचा हात चादरीवरून सोडवून आपल्या हातात घेतला. खाटेवर सरकायला जागा नव्हती तरी ती सरकली, टाके दुखले तरी सरकली, आणि आईला बसवून घेतलं.

"डास हुते, अव्वा," ती म्हणाली. "लई डास हुते त्या रात्री."